गावातलं गटार शेवटाकडून मोजायचं

गावात गटाराचं काम निघालं की सरपंच मोजणी करणाऱ्या आपल्याला आधी घेऊन जातात ते तक्रार करणाऱ्याच्या दारात. चहा येतो, डबकं दाखवलं जातं आणि शेजारून कुणीतरी सांगतं, "सायेब, हितनं सुरू करा." बहुतेक अंदाजपत्रकं खरोखर तिथूनच सुरू होतात. नवा होतो तेव्हा मीही तेच केलं. कोल्हापूर जिल्ह्यात पन्हाळा तालुक्यातलं एक गाव. १८० मीटर गटार वरून खाली आखलं, पैसे संपले तिथं थांबवलं. पहिल्याच वळवाला वरच्या आळीचं सगळं पाणी शाळेच्या कंपाउंडला जाऊन थटलं. पोरं आठवडाभर मागच्या दारानं आत जात होती. तक्रार करणारा गृहस्थ मात्र खूश होता. त्याच्या दारातलं डबकं मी शाळेपुढं नेऊन ठेवलं होतं.

तेव्हापासून माझी सुरुवात ओढ्यात होते. पाणी जिथं सोडायचं ती जागा पक्की झाली नसेल, तर वरचं एक मीटरही आखायचं नाही. या लेखात एका लहान गटाराचं काम पहिल्या फेरीपासून मोजमाप पुस्तिकेपर्यंत, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहायच्या वहीपर्यंत, कसं न्यायचं ते सांगतो. ग्रामपंचायत सदस्य, नवे डिप्लोमावाले अभियंते आणि गावातले जाणते, तिघांनाही उपयोगी पडावं अशा बेतानं.

ओढ्यात उभं राहून

पहिली फेरी यंत्राशिवाय मारायची. जमलं तर जुलैतल्या झडीत, छत्री घेऊन. मे महिन्यात कोरड्या गल्लीत पाणी कुठं वळतं हे भल्याभल्यांना कळत नाही. पावसात ते शेंबड्या पोरालाही दिसतं. पाणी जिथं साचतं, जिथं रस्ता ओलांडतं, जिथं कुणाच्या अंगणात शिरतं, तिथल्या भिंतीवर किंवा दगडावर ऑइल पेंटची खूण करायची. उन्हाळ्यात मोजणीला आलात की याच खुणा तुमचं निम्मं काम करतात.

म्हाताऱ्या बायकांना विचारा. पुरुष माणूस "लई पाणी आल्तं" म्हणून हात वर करतो. आजी सांगते, "ह्या उंबऱ्याला लागलं हुतं बघ, चुलीपातूर न्हाई गेलं." त्या उंबऱ्याची लेव्हल, म्हणजे एका ठरलेल्या खुणेच्या हिशोबानं उंची, घेता येते. नदीकाठच्या गावांत ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही पुरांच्या खुणा घ्यायच्याच. पाटबंधारे खात्याच्या नकाशात तुमच्या गावाला निळी आणि लाल पूररेषा आखलेली असेल तर तीही बघा. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची.

इथं एक घोटाळा नेहमी होतो. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे आपल्याकडं लहान पोरांना पाठ असतात. पण ते फूट त्या बंधाऱ्यावरच्या पट्टीचे आहेत. तुमच्या चावडीच्या पायरीशी त्यांचा थेट संबंध नाही. "४३ फुटाला आमच्याकडं पाणी येतं" हे ऐकून घ्यायचं, पण आराखड्यात लिहायची ती तुमच्या गावातल्या प्रत्यक्ष खुणेची लेव्हल.

दुसरी गोष्ट खास आपल्या जिल्ह्याची. ओढा ज्या नदीला मिळतो तिथं खालच्या अंगाला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा असेल, तर पावसाळा संपताना त्यात बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात आणि पाणी उन्हाळ्यापर्यंत अडवून ठेवतात. ओढ्याच्या तोंडाशी ती फुगवटी आत येते. म्हणजे मे महिन्यात कोरडं दिसणारं गटाराचं तोंड डिसेंबरात पाण्याखाली असू शकतं. आणि थंडीतलं गटार म्हणजे नुसतं सांडपाणी, त्याला ढकलायला पावसाचा जोर नसतो. ते आतच कुजतं. म्हणून बंधारा भरलेला असताना एकदा जाऊन पाण्याच्या काठावर खुंटी मारायची आणि गटाराचा तळ त्या खुंटीच्या वरच ठेवायचा. पुराचं पाणी उलटं येण्याची भीती असेल तर तोंडाला झडप लागते: बाहेर उघडणारी, वरून बिजागरीला टांगलेली. साधी असते, पण तिच्यात उसाचा पाला अडकला की बंद होत नाही, त्यामुळं आत जाळी हवीच.

कागद आधी, खुंटी नंतर

तलाठ्याकडून गाव नकाशा बघून घ्या. ओढा त्यात ओढा म्हणूनच दाखवलेला आहे ना, की तो कुणाच्या गट नंबरात गेलाय, हे आधी बघायचं. गावठाणात ड्रोनची मोजणी होऊन मिळकत पत्रिका झाल्या असतील तर त्यांचे नकाशे काढा. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतून बऱ्याच गावांना ते मिळालेत. गल्लीची रुंदी नकाशात ६ मीटर आणि जागेवर ४ असेल, तर उरलेले २ मीटर कुणाच्या तरी पायरीत, कट्ट्यात नाहीतर न्हाणीत गेलेले असतात.

हद्दीचा निवाडा आपण करायचा नाही. आपल्या टेपला आणि लेव्हलच्या यंत्राला हद्दीच्या बाबतीत कायद्याची किंमत नाही. ती मोजणी भूमी अभिलेख कार्यालयाचीच. वाद दिसला की ग्रामपंचायतीला मोजणीचा अर्ज करायला सांगायचं आणि तोवर त्या बाजूची खुंटी मारायची नाही. मी एकदा "अंदाजे" खुंटी मारली आणि दोन भावांच्या भांडणात पुढची दोन वर्षं साक्षीदार म्हणून हिंडलो.

गटाराचं पाणी ओढ्याऐवजी कुणाच्या उसात जाणार असेल तर तोंडी होकारावर जाऊ नका. "जाऊ दे की पाणी, खत हाय ते" म्हणणारा माणूस ऊस पिवळा पडला की विसरतो. लेखी संमती आणि ग्रामसभेचा ठराव, दोन्ही हवं. खरं म्हणजे शेतात सोडूच नये.

पैशाचं म्हणाल तर काम गावच्या विकास आराखड्यात असावं लागतं. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग पाणीपुरवठा आणि स्वच्छता यांना बांधून दिलेला होता, त्यात सांडपाण्याची कामं बसत. आराखड्यात नुसतं "गटर्स बांधणे" असं न लिहिता "अमुक घर ते ओढा" असं लिहून घ्या. सुरुवात आणि शेवट ठरावातच आला की मधेच काम तोडायला कुणी धजत नाही.

लेव्हल

यंत्र म्हणजे ऑटो लेव्हल (आडव्या नजरेनं उंचीतला फरक बघायची दुर्बीण), ४ मीटरची स्टाफ (उभी धरायची आकड्यांची पट्टी), ३० मीटरची टेप, खुंट्या, चुना आणि स्टाफ सरळ धरणारा एक शहाणा पोरगा. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात दुर्मिळ.

भाड्यानं आणलेलं यंत्र बरोबरच असेल असं समजू नका. गावात गेल्यावर पंधरा मिनिटं काढून ते तपासायचं. ६० मीटरवर दोन खुंट्या मारा. यंत्र बरोबर मध्ये लावून दोन्हींवर वाचन घ्या, समजा १.५२० आणि १.३१०. फरक ०.२१०. यंत्रात चूक असली तरी दोन्हीकडं सारखीच येते, म्हणून हा फरक खरा. आता यंत्र पहिल्या खुंटीच्या अगदी जवळ न्या. तिथून १.४८० आणि १.२८५ आलं तर फरक ०.१९५, म्हणजे यंत्र १५ मिलिमीटरनं खोटं बोलतंय. यंत्र परत देऊन टाका, नाहीतर मागच्या आणि पुढच्या स्टाफचं यंत्रापासूनचं अंतर दर वेळी सारखं ठेवून काम करा. हे अंतर सारखं ठेवायची सवय चांगल्या यंत्रालाही लावावी.

मग टीबीएम, म्हणजे सगळ्या लेव्हल जिच्यावरून मोजायच्या ती गावातली पक्की खूण. जी हलणार नाही आणि कुणी फोडणार नाही अशी जागा: चावडीची दगडी पायरी, तालमीचा जोता, पाण्याच्या टाकीचा पाया. देवळाची पायरी मी टाळतो, जीर्णोद्धार कधी निघेल सांगता येत नाही. जवळपास सर्व्हे ऑफ इंडियाची खूण सापडली तर समुद्रसपाटीपासूनची लेव्हल घ्या. नाही सापडली तर १००.००० धरा. पण गावात पुढं होणारं प्रत्येक काम, रस्ता असो की पाइपलाइन, याच खुणेवरून करायचं. दर ठेकेदार आपापला १०० धरतो, म्हणून गल्लीतला काँक्रीट रस्ता गटारापेक्षा खाली जातो.

एक छोटा हिशोब करून दाखवतो. चावडीच्या पायरीवर आरएल, म्हणजे खुणेच्या हिशोबानं उंची, १००.००० मीटर. मागचं वाचन, म्हणजे उंची माहीत असलेल्या जागेवरच्या स्टाफचं, १.२४५, म्हणून यंत्राची उंची १०१.२४५. गटार जिथून सुरू होणार तिथं वाचन १.६१०, जमीन ९९.६३५. बदलबिंदूवर, म्हणजे यंत्र हलवताना स्टाफ जिथं कायम ठेवायची तिथं, २.३८५, आरएल ९८.८६०. यंत्र हलवलं, मागचं वाचन ०.९८०, नवी उंची ९९.८४०. ओढ्याच्या तळावर २.७१५, आरएल ९७.१२५. पडताळा असा: मागच्या वाचनांची बेरीज २.२२५, पुढच्यांची, म्हणजे बदलबिंदू आणि ओढा या दोन्हींची, ५.१००, फरक उणे २.८७५. शेवटच्या आणि पहिल्या आरएलमधला फरकही उणे २.८७५. जुळलं म्हणजे बेरीज-वजाबाकी बरोबर. वाचन चुकलं असेल तर हा पडताळा काही सांगत नाही. त्यासाठी ओढ्यापासून परत पायरीवर यायचं. जाऊन-येऊन ४२० मीटरला ८ मिलिमीटरपर्यंत फरक चालतो. किलोमीटरमधल्या अंतराचं वर्गमूळ काढून १२ नं गुणलं की तो आकडा येतो. जास्त आला तर परत घ्यायचं, फरक वाटून टाकायचा नाही.

बदलबिंदू मातीवर घेऊ नका. स्टाफ रुतते. पक्का दगड शोधा. पोऱ्याला स्टाफ सावकाश मागं-पुढं डोलवायला सांगा आणि सगळ्यात कमी आलेलं वाचन लिहा, तेच उभ्या स्टाफचं. लेव्हल दर १० मीटरला तर घ्याच, शिवाय प्रत्येक घराच्या उंबऱ्याची, न्हाणीच्या मोरीची आणि रस्त्याच्या मध्याचीही घ्या. मोरीचं तोंड गटाराच्या पाण्याच्या पातळीखाली गेलं तर गटार बांधल्यावर पाणी घरात येतं, आणि मग ती बाई ग्रामसभेत जे बोलते ते इथं लिहिता येणार नाही.

यंत्र मिळालंच नाही तर गवंड्याची पाण्याची पारदर्शक नळी वापरा. नळीत हवेचा बुडबुडा नसेल तर लहान लांबीला ती चांगली लेव्हल देते. फक्त वेळ लागतो.

पाणी किती, गटार केवढं

बहुतेक गावांत गटाराचं माप आधीच ठरलेलं असतं: "दीड बाय दीड" फूट. कशावरून? मागच्या गावात तेच होतं म्हणून. गगनबावड्यात वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस पडतो आणि शिरोळात काही शे, तरी दोन्हीकडं दीड बाय दीड.

पावसाच्या पाण्याचा हिशोब अवघड नाही. वाहून येणारं क्षेत्र हेक्टरमध्ये, पावसाचा जोर ताशी मिलिमीटरमध्ये आणि वाहून जाणाऱ्या पाण्याचा हिस्सा, या तिघांचा गुणाकार करून ३६० नं भागायचं. उत्तर सेकंदाला घनमीटरमध्ये येतं. समजा वरची आळी ३ हेक्टर, पत्रे-कौलं आणि फरशी जास्त म्हणून हिस्सा ०.६, जोर ताशी ६० मिलिमीटर. ०.६ गुणिले ६० गुणिले ३ भागिले ३६०, म्हणजे ०.३ घनमीटर. सेकंदाला ३०० लिटर. घाटमाथ्याकडं जोर याहून वाढवून धरा.

आता सांडपाणी. ६०० माणसं, माणशी रोज ५५ लिटर, त्यातलं ८० टक्के गटारात, म्हणजे दिवसाला २६,४०० लिटर. सेकंदाला सरासरी ०.३ लिटर. पावसाच्या पाण्याचा हजारावा भाग! ३०० लिटरसाठी बांधलेल्या सपाट तळावर हे ०.३ लिटर पसरून पापुद्र्यासारखं बसतं, गाळ धरतं, डास होतात. म्हणून तळ सपाट करूच नका. मध्ये अर्धगोल नाळ काढा, अर्ध्या पाइपाचा साचा दाबून काढली तरी चालते. बारमाही पाणी त्या नाळेतून पळतं आणि पावसाचं पूर्ण रुंदीतून. सेकंदाला ०.६ मीटरच्या आसपास वेग मिळाला तर गाळ बसत नाही.

उतार काढताना आपलंच उदाहरण पुढं नेऊ. लांबी २१० मीटर. सुरुवातीला गटार ५० सेंटिमीटर खोल, म्हणून तळ ९९.१३५. शेवटी तळ ओढ्याच्या तळापेक्षा ४५ सेंटिमीटर वर ठेवला, ९७.५७५. उतार १.५६० मीटर, म्हणजे १३५ ला १, दर १३५ मीटरला १ मीटर. छान वाटतं. ठेकेदारही एकच उतार मागतो.

पण ९० मीटरवर खळगा आहे, जमीन ९८.४००. एकच उतार धरला तर तिथं गटाराचा तळ ९८.४६६ येतो. तळच जमिनीच्या वर! भिंती धरल्या तर घरांपुढं गुडघाभर बांध उभा राहतो आणि अंगणातलं पाणी गटारात जायच्या ऐवजी त्याला अडतं. असली उंच गटारं करवीर तालुक्यात किती तरी दाखवता येतील. म्हणून दोन उतार करायचे. ९० मीटरवर तळ ९७.९००, म्हणजे तिथंवर ७३ ला १. तिथून ओढ्यापर्यंत १२० मीटरला ३२.५ सेंटिमीटर, म्हणजे ३६९ ला १. पुढं जमीन थोडी चढत असेल तर खोदाई वाढते, ती अंदाजपत्रकात धरायची.

मॅनिंगच्या सूत्रानं, म्हणजे उतार आणि मापावरून गटार किती पाणी नेईल ते काढायच्या सूत्रानं, काँक्रीटला खडबडीतपणा ०.०१५ आणि पाणी ४० सेंटिमीटर धरून, वरच्या तीव्र भागात ४५ सेंटिमीटर रुंद गटार सेकंदाला ३८० लिटरच्या वर नेतं. पुरेसं. खालच्या सपाट भागात ६० सेंटिमीटर रुंदीही २५७ लिटरच नेते, म्हणजे कमी पडते. तिथं ७५ सेंटिमीटर हवी, मग सुमारे ३४८ लिटर जातात. वर अरुंद, खाली रुंद. गावभर एकच माप ठेवलं की वर पैसा वाया आणि खाली पूर.

जमलं तर पाणी मुळातच कमी करा. परसात जागा असलेल्या घरांना शोषखड्डा द्या. मुरमाड जमिनीत तो चांगला चालतो. शिरोळ-हातकणंगल्याच्या काळ्या रानात चालत नाही. खड्डा भरतो आणि तसाच राहतो. आधी फूटभर खड्ड्यात पाणी ओतून ते किती वेळात मुरतं ते बघा, मग लोकांना सांगा.

अंदाजपत्रक

यात फार रमत नाही, दरसूची, म्हणजे कामांच्या सरकारी दरांची यादी, उघडली की सगळं सापडतं. दोनच गोष्टी सांगतो. खोदाई एका दरानं धरू नका. माती, मुरूम, कठीण मुरूम आणि खडक यांचे दर वेगळे, म्हणून तीन ठिकाणी चाचणी खड्डे घ्या. आजरा-चंदगडकडं वर माती दिसते आणि हातभर खाली जांभा लागतो. त्याच खड्ड्यांत नळाची पाइपलाइनही सापडते. ती गटाराच्या आतून आडवी गेली असेल तर सरकवण्याचा खर्च धराच. नळाला पाणी दिवसातून तासभर येतं, बाकी वेळ पाइप रिकामा असतो, आणि रिकामा पाइप फटीतून गटाराचं पाणी ओढतो.

प्रशासकीय आणि तांत्रिक मान्यता हातात आल्याशिवाय कुणाला नारळ फोडू देऊ नका.

काम चालू असताना

काम ओढ्याकडून वर न्यायचं. यात दोन फायदे. चालू कामातच पाऊस आला तर खालचा तयार भाग पाणी काढून देतो. आणि पैसे संपले तरी जेवढं झालं तेवढं वापरात येतं. माझ्या शाळेच्या गावात हे केलं असतं तर पोरं पुढच्या दारानं गेली असती.

दर १० मीटरला खुंटी, खुंटीवर तळाची रेघ, रेघेवरून दोरी. दोरी सकाळी ताणायची आणि दुपारी पुन्हा बघायची. उन्हात ती ढिली पडते, शिवाय बैल नाहीतर ट्रॅक्टर खुंटीला लागलेला असतो. काळी माती असेल तर तळाखालची फूटभर काढून मुरूम भरा आणि धुम्मस करा. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि गटार मोडते. काँक्रीट एम-२० या प्रतीचं असेल तर पाणी मोजून घाला. मिक्सरवाला "पातळ बरं जातं" म्हणतो. जातं बरं, पण राहत नाही. गोणपाट टाकून किमान सात दिवस पाणी मारायचं. हे काम ठेकेदारावर न सोडता समोरच्या घरातल्यांना सांगितलं तर जास्त नीट होतं, असा माझा अनुभव. त्यांच्याच दारातलं गटार आहे.

रस्ता ओलांडायला पाइप टाकण्यापेक्षा उचलता येणारे ढापे असलेली उघडी नाळ बरी. पाइप तुंबला की सळई घालणारा माणूस मिळत नाही.

झाकण्याआधी खोदाईची खोली आणि खालच्या काँक्रीटची जाडी मोजून, स्टाफ उभी करून फोटो काढा. नंतर मोजमाप पुस्तिकेत जे लिहाल त्याला पुरावा हाच.

बिल लिहायच्या आधी पाण्याची परीक्षा. वरच्या टोकाला टँकर लावा आणि पाणी सोडून खाली चालत या. तासाभरानं जिथं डबकं राहील तिथं खडूनं गोल करा. ते दुरुस्त होऊन पुन्हा पाणी सोडेपर्यंत सही करायची नाही. या परीक्षेला सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि तक्रारवाला तिघंही हवेत. तक्रारवाल्याला मी मुद्दाम शेवटच्या टोकाला, ओढ्याजवळ उभा करतो.

जाताना लेव्हलबुकाची झेरॉक्स ग्रामपंचायतीच्या दप्तरात लावा, आणि चावडीच्या पायरीवर लाल रंगात बाण काढून त्याखाली आरएल लिहा. पायरीवर बसणाऱ्या म्हाताऱ्यांना तो आकडा कशाचा हेही सांगून ठेवा, नाहीतर पुढच्या दिवाळीला त्यावर चुना फिरतो.